शिणवारकाकांचा नकाशा

शिणवारकाका कुणाच्याही अंगणात गेले की आधी पाणी पीत नसत. घरची बाई तांब्या घेऊन उभी असायची आणि काका अंगणाच्या मधोमध, फोन धरलेला हात डोक्याच्या वर, मान मागे, डोळे बारीक. मोबाइलच्या नकाशात आपण उभे असतो तिथे निळा ठिपका दिसतो आणि त्याच्याभोवती एक फिकट वर्तुळ. वर्तुळ मोठं असेल तर आपण नेमके कुठे आहोत हे फोनलाच धड ठाऊक नसतं. ते आक्रसत गेलं की त्याची खात्री वाढते. ते वर्तुळ त्या घराएवढं होईपर्यंत काका जागचे हलायचे नाहीत. "थांब जरा, बाय," ते म्हणायचे, "वर्तुळ मोठं हाय तवर माणसानं बोलू नाय." मग स्क्रीनवर अंगठा दाबून ठेवायचे, लाल खूण उमटली की तिला नाव द्यायचे आणि "डबल!" असं ओरडायचे. त्यानंतर पाणी.

हे 'डबल' त्यांच्या नोकरीतलं. तीस वर्षं ते एस.टी.त कंडक्टर होते. डहाणू डेपोतून सुटून तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ गावांत जाणाऱ्या गाड्यांवर त्यांची सगळी हयात गेली. घंटा दोनदा वाजली की गाडी सुटते, तसं खूण लागली की काम सुटलं. निवृत्त झाल्यावर वापीला कंपनीत असलेल्या मुलाने त्यांना एक मोठा फोन आणून दिला. काकांनी त्यात पहिल्यांदा स्वतःचा सावरपाडा शोधला. तिथे नुसता हिरवा रंग होता. मग आजूबाजूचे पाडे शोधले. तिथेही हिरवा रंग. "तीस वर्षं मी ज्या गावांची तिकिटं दिली ती गावं नकाशात नाय," ते मला सांगत होते, "मग ती माणसं उतरली कुठं?" आणि त्या दिवसापासून हा गृहस्थ उतरलेल्या माणसांच्या शोधात निघाला.

आमची ओळख झाली ती २०१६ च्या सुमारास. मी तलासरीत एका ऑफिसात कंत्राटी डेटा एंट्री करत होते. ऑफिसचं नाव सांगत नाही; पाड्यापाड्यांवरच्या शाळांची माहिती कॉम्प्युटरात भरायची, एवढं सांगितलं तरी पुरे. रोज डहाणूहून यायचे आणि पाचाच्या ठोक्याला परतीच्या गाडीकडे पळायचे. एका दुपारी खाकी पँट, चौकड्यांचा शर्ट आणि खिशाला दोन पेनं अशा अवतारात काका माझ्या टेबलापाशी आले नि म्हणाले, "बाय, तुमचं ऑफिस ढाब्यात हाय."

मला वाटलं, हा साहेबांना टोमणा आहे. पण त्यांनी फोन पुढे केला. नकाशात आमच्या ऑफिसची खूण खरोखरच हायवेच्या पलीकडे, एका ढाब्याच्या छपरावर लागली होती. "माणूस अर्ज घेऊन निघतो नि शेव-टमाटर खाऊन घरी जातो," काका गंभीरपणे म्हणाले. त्यांनी दुरुस्ती पाठवली होती, पण आणखी कुणी दुजोरा दिला तर काम लवकर होतं असं त्यांचं म्हणणं. "तू हो म्हण." मी माझ्या फोनवरून हो म्हटलं. चार दिवसांनी आमचं ऑफिस आमच्या ऑफिसात आलं, आणि काका आठवड्यातून एकदा चहाला येऊ लागले.

आमच्या भागात पाटीलपाडे किती आहेत हे परमेश्वरालाही सांगता यायचं नाही. फोनवर 'पाटीलपाडा' शोधलं की तो कुठल्या तरी भलत्याच पाटीलपाड्याला नेऊन सोडतो आणि वर 'आपण पोहोचला आहात' असं आनंदाने सांगतो. काकांनी प्रत्येकाला स्वतंत्र नाव लावलं: चिंचेवाला पाटीलपाडा, दोन विहिरींचा पाटीलपाडा, मोडक्या मोरीचा पाटीलपाडा. पुढे रस्त्याखालची ती मोरी दुरुस्त झाली. नाव बदलायचं का, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "राहू दे. ती परत मोडेल." त्या पावसाळ्यात ती मोडली.

ठिकाणांना तारे द्यायचीही त्यांना भारी हौस. एका हापशाला त्यांनी पाच तारे दिले होते आणि खाली लिहिलं होतं, 'पाणी गोड. दांडा जड.' एका विहिरीला दोन तारे: 'पायऱ्या चांगल्या. उन्हाळ्यात नुसत्या पायऱ्याच.' गुजरातची हद्द जवळ असल्यामुळे तिकडच्या डोंगरावर चढलं की फोन पलीकडचं नेटवर्क पकडतो आणि 'गुजरातमध्ये आपले स्वागत आहे' असा मेसेज येतो. काका तो मेसेज मला दाखवत म्हणायचे, "पाय महाराष्ट्रात, फोन गुजरातेत. पगार कुणाकडनं मागू?" मी हसायचे. खरं सांगायचं तर त्या कंटाळवाण्या नोकरीत मी मनापासून हसायचे ते या माणसामुळेच.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते. तीत माझी शोभा आहे, पण ती टाळून काकांचं चित्र पुरं व्हायचं नाही.

वरून आदेश आला की प्रत्येक शाळेचे अक्षांश-रेखांश भरा. शिक्षकांनी ते शाळेत उभं राहून पाठवायचे होते. काहींनी पाठवले, काहींनी रविवारी घरून पाठवले, त्यामुळे दोन शाळा डहाणू स्टेशनजवळच्या गल्लीत आल्या. सावरपाड्याचे आलेच नाहीत, कारण तिथे फोनला रेंज कधी मिळते, कधी नाही. साहेबांना संध्याकाळपर्यंत यादी हवी होती आणि मला गाडी गाठायची होती. मी नकाशा उघडला, 'सावरपाडा' शोधलं. काकांनी स्वतःच्या पाड्याला लावलेली, त्यांच्या हातची पहिली खूण. वर्तुळ घराएवढं झाल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या माणसाची खूण म्हटल्यावर शंका घ्यायचं कारणच नव्हतं. आकडे उचलले, चिकटवले आणि गाडी गाठली.

काही महिन्यांनी, २०१८ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला, दुसरी यादी आली. दहापेक्षा कमी पोरं आणि एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा असेल, तर ती शाळा बंद करून पोरं त्या जवळच्या शाळेत घालायची. सावरपाडा: पटावर नऊ. खिंडपाड्याची शाळा: सातशे मीटर. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.

चौथ्या दिवशी काका आले. सोबत त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, आणि पाड्यावरच्या चार-पाच बाया. काकांच्या हातात फोन नव्हता. त्यांना मी असं प्रथमच पाहत होते.

"बाय, आमच्या शाळेपासून खिंडपाडा सातशे मीटर कुणी मोजलं?"

"कॉम्प्युटरने, काका. तुमच्याच लोकेशनवरून."

काका बाकावर बसले. मग हळूहळू सांगू लागले. आमच्यात कुठलंही काम काढायचं तर आधी गावदेव. नवं भात आधी त्याला, नारळ आधी त्याला. म्हणून नकाशातली पहिली खूणही त्यालाच लावली. नाव काय द्यायचं? सावरपाडाच. देव बसलाय तिथून पाडा सुरू होतो, एस.टी.ही तिथेच थांबते, पाड्याचा माणूस तिथे उतरला की घरी पोचला असंच म्हणतो. पण देव असतो शिवेवर. आणि सावरपाड्याची शीव ओहळाच्या अलीकडे, खिंडपाड्याच्या बाजूला. घरं आणि शाळा ओहळ ओलांडून पलीकडच्या चढावर.

"वर्तुळ एकदम बारीक होतं, बाय," ते म्हणाले. "वर्तुळाचा वांदा नव्हता. माणूस चुकला."

माणूस चुकला खरा, पण कुठला? त्यांनी शाळेची खूण लावलेलीच नव्हती. पाड्याची खूण शाळेची म्हणून खपवली ती मी. मी काकांना बाजूला नेऊन हळूच सांगितलं, "काका, ते मी भरलं. नीट बघितलं नाही." माझं कंत्राट अकरा-अकरा महिन्यांचं होतं आणि पुढचे अकरा महिने साहेबांच्या सहीवर होते. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण तीस वर्षं लोकांचे चेहरे बघत तिकिटं देणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

"वांदा नाय," काका म्हणाले. "अर्ज मी लिहितो."

मी म्हटलं, मग ती खूण आधी शाळेवर हलवून टाका. यावर मात्र त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "देव नाय हलवायचा." त्यांनी त्या खुणेला 'सावरपाडा गावदेव' असं नाव दिलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात उभं राहून नवी खूण पाठवली. ती 'तपासणी बाकी' म्हणून लटकून राहिली.

अर्ज लिहिता लिहिता काका मला म्हणाले, "मी पोर होतो तवा पाड्यावर शाळा नव्हती. खिंडपाड्याला जायचो. पावसाळा लागला की ओहळ भरायचा नि आमची शाळा बंद. गुरुजींनी भागाकार श्रावणात शिकवला. म्हणून मला भागाकार येत नाय." मी हसले. "खरंच नाय येत. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, तिघांवर तीस वर्षं कंडक्टरकी केली." मग पेन थांबवून म्हणाले, "नात तिसरीत जाते आता माझी. औंदा तिचा भागाकार हाय." पाठपोट दोन पानं भरली. मी आवकचा शिक्का मारला. अर्ज वाचला मात्र नाही. वाचायची हिंमत नव्हती.

आमचे साहेब माणूस कडक, पण सरळ. अर्ज वाचून त्यांनी पाहणीची तारीख लावली. भर एप्रिलमध्ये आम्ही सावरपाड्याला गेलो. शाळा म्हणजे एक खोली, एक व्हरांडा आणि व्हरांड्यात ओळीने बसवलेली नऊ पोरं. आज काय तो निकाल लागणार हे त्यांनाही कुणी तरी सांगितलं असावं, इतकी गप्प. साहेबांनी स्वतःच्या फोनवर शाळेच्या दारातून खिंडपाड्याच्या शाळेपर्यंत सरळ अंतर मोजलं. एक किलोमीटर आणि वर चाळीस मीटर. मग आम्ही चालत गेलो. ओहळात नुसते दगडगोटे, पाण्याचा टिपूस नाही. वीस मिनिटांत खिंडपाडा. परत वीस मिनिटांत सावरपाडा.

साहेब घाम पुसत म्हणाले, "काका, तुमची चूक कळली, ती दुरुस्त झाली. पण नुसते चाळीस मीटर जास्त, तेवढ्यावर वरचे साहेब मानायचे नाहीत. वर मी काय लिहू? वाट तर वीस मिनिटांची आहे."

"साहेब, श्रावणात या."

"श्रावणापर्यंत कोण थांबतंय? निर्णय जूनच्या आत व्हायचाय. पावसाळ्यात वाट किती, याचा काही पुरावा आहे का?"

काकांनी खिशातून फोन काढला. मग व्हरांड्याच्या कडेला बसलेल्या काकींकडे पाहिलं आणि फोन परत खिशात टाकला. मला काही समजेना. त्यांनी पोरांकडे पाहिलं. त्यांची नात पहिल्याच रांगेत होती, दोन वेण्या, पाटी छातीशी धरलेली. त्यांनी पुन्हा फोन काढला आणि एखादं कडू औषध घ्यावं तसा चेहरा करून म्हणाले, "चला साहेब, मागच्या श्रावणात जाऊ."

फोन आपण कुठे कुठे गेलो याची दिवसवार नोंद ठेवतो, ती टाइमलाइन काकांनी कधीच बंद केली नव्हती. मागच्या ऑगस्टमधला एक गुरुवार त्यांनी उघडला. नकाशावर निळी रेघ सावरपाड्याहून निघाली होती. ओहळाशी येऊन थबकली होती, मग काठाकाठाने डोंगराच्या कुशीत पार वरच्या बंधाऱ्यापर्यंत गेली होती, बंधारा ओलांडून पलीकडून तेवढीच खाली उतरली होती. रेंज असो वा नसो, रेघ तुटली नव्हती.

साहेबांनी फोन स्वतःच्या हातात घेतला आणि मोठ्याने वाचू लागले. "सावरपाडा ते खिंडपाडा. चालत. चार किलोमीटर तीनशे मीटर. एक तास अठरा मिनिटं." त्यांनी पुढचा गुरुवार उघडला. तेच. त्याच्या पुढचा. तेच. "दर गुरुवारी?"

"सकाळची डहाणूची गाडी खिंडपाड्याहूनच सुटते, ती पकडतो," काका घाईघाईने म्हणाले. "बास साहेब, तेवढंच बघा. द्या फोन."

"दर गुरुवारी याला डॉक्टर बोलावतो," काकींनी कौतुकाने सांगितलं. "साखर हाय याला. रक्त तपासायला डहाणूला जातो." तिकडच्या रीतीप्रमाणे काकी नवऱ्याला अरे-तुरेच करायच्या.

पण साहेब वाचण्यात रंगले होते. "खिंडपाडा ते डहाणू, बस. डहाणू, मिठाईचं दुकान, पस्तीस मिनिटं."

"दवाखाना नाय त्यात?" काकींनी विचारलं.

साहेब प्रामाणिक माणूस. त्यांनी खालीवर करून नीट शोधलं. "दवाखाना... नाही दिसत."

"आनि दुसऱ्या गुरवारी?"

"मिठाई. चाळीस मिनिटं." साहेबांच्या मिशीखाली काही तरी हलायला लागलं होतं. "खाली काकांनी अभिप्राय पण दिलाय. 'जिलबी गरम. फाफडा बराबर. बसायला जागा कमी.' पाच तारे."

पोरं फिदीफिदी हसायला लागली. काका खांबाकडे बघत उभे. काकी उठल्या. "तू म्हंगलास, रक्त तपासायला लाईन लागते!"

"लाईन तं तिथं पण लागते," काका पुटपुटले.

आता इथे भांडण पेटणार म्हणून मी मध्ये पडायच्या बेतात होते. पण काकी नवऱ्याला सोडून साहेबांकडे वळल्या. कधी ऑफिसात तोंड न उघडलेली ती बाई, पण त्या दिवशी तिचा आवाज सगळ्या व्हरांड्याला ऐकू आला. "साहेब, हा म्हातारा जिलबीसाठी चार किलोमीटर जाईल. पोरां भागाकारासाठी जातील का?"

साहेब हसायचे थांबले. त्यांनी एकदा पोरांकडे पाहिलं, एकदा त्या निळ्या रेघेकडे. मग मला म्हणाले, "ऑगस्टच्या पाचही गुरुवारांचे फोटो काढून घ्या. अहवालाला जोडायचे." जोडताना मिठाईचा भाग कापला, एवढी दया मी काकांना दाखवली.

मेच्या अखेरीला पत्र आलं. सावरपाड्याची शाळा आहे तिथेच राहणार. मी ते पत्र काकांना फोनवर वाचून दाखवलं तर पलीकडून त्यांनी इतक्या जोरात 'डबल' म्हटलं की आमच्या शिपायाने मागे वळून पाहिलं. त्यानंतरच्या गुरुवारांचं मात्र त्यांच्या हातात काही उरलं नाही. काकींनी मुलाकडून शिकून घेतलं आणि काका डहाणूला निघाले की त्यांचं चालू लोकेशन वापीला मुलाच्या फोनवर दिसू लागलं. दवाखान्यात ते एकदा तासभर बसून होते, म्हणून मुलाने काळजीने फोन केला, तर म्हणाले, "काय नाय. इथं बसायला जागा मोप हाय." त्या श्रावणात नातीचा भागाकार झाला. पाटी घेऊन तिने आजोबांना शिकवायचाही प्रयत्न केला, पण काका म्हणाले, या वयात नवं वळण नको, गाडी जुन्या रस्त्यानेच जाऊ दे.

२०१९ मध्ये माझं कंत्राट संपलं आणि मला पालघरला दुसरी नोकरी लागली. शेवटच्या दिवशी मी माझ्या जागेवर येणाऱ्या मुलीला फायली समजावून देत होते. साहेब जाता जाता तिला म्हणाले, "या मॅडमसारखं काम करा. दोनदा विचारल्याशिवाय एक आकडा भरत नाहीत." असं ते अधूनमधून म्हणायचे, आणि मी ते कौतुक म्हणून खिशात घालायचे. त्या दुपारी सावरपाड्याची फाइल हातात आली. काकांचा अर्ज वर होता. तेव्हा न वाचलेला.

पहिल्या पानावर ओहळ होता, बंधारा होता, नऊ पोरांची नावं होती. पाठीमागे लिहिलं होतं: 'शाळेचे ठिकाण कुठे, हे ऑफिसातल्या ताईंनी मला दोन वेळा विचारले होते. मी दोन्ही वेळा गावदेवाचे ठिकाण सांगितले. त्यांची यात काही चूक नाही. चूक माझी आहे.' खाली सही.

मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

मी तो कागद घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि खरं काय ते सांगून टाकलं. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. कागद परत देत म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा." मी बाहेर येऊन काकांना फोन लावला. नशिबाने ते कुठल्या तरी चढावर होते, लागला.

"काका, अर्जात तुम्ही खोटं लिहिलंत. मी तुम्हाला विचारलंच नव्हतं."

"मग आता विचार," काका म्हणाले.

मी विचारलं, "काका, सावरपाड्याची शाळा कुठं आहे?"

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. एस.टी.तून गावदेवापाशी उतरायचं. देवाला हात जोडायचे, पण तिथं थांबायचं नाय. पुढं उतार, मग ओहळ. पाणी घोट्याच्या खाली असेल तं पाय टाकायचा, वर असेल तं उजव्या हाताला वळून बंधाऱ्याकडं. मी जवळचा कागद ओढला आणि पेन शोधलं. पलीकडं गेलं की सावरीची तीन झाडं, मधल्या झाडापासून चढ लागतो. दुसऱ्या घरात पाणी मिळतं. वर पोचलं की डाव्या हाताला...

"लिहितेस ना, बाय?"

"लिहितेय, काका," मी म्हणाले. "सांगा."